घरच्यांची संमती

१

आमच्या गल्लीत मला बंडलकाका म्हणतात, आणि तेही तोंडावर. पाठीमागे काय म्हणतात ते ऐकायला मी जात नाही. धंदा खुर्च्या विणायचा. वेताची बैठक खचली, फाटली, मांजराने ओरबाडली, की खुर्ची माझ्याकडे येते, आणि ती आणणारा माणूस जाताना एक गोष्ट घेऊन जातो. ही कुणाची आहे माहीत आहे का, असं मी सुरू करतो. सर्कशीतल्या जाड्या बाईची आहे, हिच्यात तीन विदूषक एकदम बसायचे. किंवा, ही न्यायाधीशाची. हिच्यावर बसून त्याने इतक्या फाशा दिल्या की शेवटी खुर्चीनेच मान टाकली, हा बघा मागचा पाय. लोक हसतात. खुर्ची असते शेजारच्या शिकवणीवाल्याची.

काम मात्र खोटं करता येत नाही. वेताच्या पट्ट्या सकाळी आधी कोमट पाण्यात टाकायच्या. त्या नरम पडल्या की चौकटीच्या भोकातून पट्टी आत सोडायची, आतून ओढून घ्यायची, शेजारच्या भोकातून परत बाहेर द्यायची. हे एकट्याचं काम नव्हे. एकट्याने करायचं तर दर पट्टीला उठा, वळसा घाला, वाका, ओढा, परत या. दोघं असली की खुर्ची आडवी पाडून मध्ये ठेवायची, एकाने बाहेरून बसायचं, एकाने आतून. मी बाहेर, आमची ही आत. मी पट्टी सोडायचो, ती ओढून घ्यायची आणि दोनदा हलका हिसका द्यायची. म्हणजे, घेतली, पुढची सोडा.

आमचा निम्मा संसार असा खुर्चीच्या चौकटीतून झाला. भांडणंसुद्धा. सुरुवातीला चौकट मोकळी असते तेव्हा पलीकडचा चेहरा अख्खा दिसतो. मग उभ्या पट्ट्या येतात, आडव्या येतात, तिरक्या येतात, आणि चेहऱ्याचे तुकडे पडत जातात. शेवटी एक डोळा उरतो. मग तोही नाही, नुसता आवाज. "झाली का हो?" "झाली." की ती कमरेवर हात ठेवून उठायची, पुढे यायची, आणि मला पुन्हा सगळी दिसायची.

ती गेली त्याला आता तिसरं वर्ष. आजार असा होता की डॉक्टरांनी आम्हाला खोटं सांगितलं आणि मी ते ओळखलं.

तेव्हापासून एकटा विणतो. पाठ जाते, पण मदतीला माणूस ठेवला नाही. आतल्या बाजूचं तिचं बुटकं स्टूल तिथेच आहे. खुर्ची त्या स्टुलासमोर मांडायची सवय गेली नाही, आणि बोलायचीही नाही. आज वेत जरा जाड आलाय गं. समोरच्या शिंप्याने नवा चष्मा घेतलाय, घुबड दिसतो. रिकाम्या स्टुलाशी बोलणाऱ्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. पण थापाड्याची एक सोय असते. कुणी ऐकलंच तर म्हणतात, काका नवीन गोष्ट घोळवतायत.

२

आमच्या गल्लीच्या टोकाला, मोठ्या रस्त्यावर, एक दगडी इमारत आहे. दारावर कंपास आणि गुण्या कोरलेले, खिडक्या सदा बंद. ती फ्रीमेसन नावाच्या गुप्त बंधुमंडळाची लॉज, म्हणजे सभाघर. आम्ही तिला जादूघर म्हणतो. आत बोकड आहे, नव्या माणसाला त्याच्यावर उलटं बसवतात, शवपेटीत झोपवतात, वगैरे. यातल्या निम्म्या बातम्या माझ्याच दुकानातून सुटलेल्या.

एके दिवशी त्या जादूघरातून टेम्पोभर खुर्च्या आल्या. बरोबर एक म्हातारे गृहस्थ होते. निवृत्त दाताचे डॉक्टर. लॉजची सभा चालू असते तेव्हा बंद दाराच्या बाहेर तलवार घेऊन बसायचं काम त्यांच्याकडे होतं. मी म्हटलं, म्हणजे जन्मभर लोकांना उघडा उघडा म्हणालात आणि आता उघडू देत नाही. ते खोखो हसले, आणि तिथेच आमचं जमलं. पुढे ते खुर्च्यांचं काम बघायच्या निमित्ताने येऊन बसू लागले. बोकडाची चौकशी मी पहिल्याच दिवशी केली. ते म्हणाले, बोकड नाही, पण खजिनदार आहे, त्याची दाढी बघून लोकांचा गैरसमज झाला असेल.

एकदा मी सहज विचारलं, तुमच्यात येऊन माणसाला मिळतं काय.

"पाठांतर मिळतं," डॉक्टर म्हणाले. "एप्रन मिळतो. जेवण बरं असतं. धंदा वाढेल म्हणून कुणी आला तर तो वर्षभरात गळतो." मग म्हणाले, "आणि तुम्ही एखाद्या सभेला आला नाहीत, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तुमच्या दारात येऊन उभं राहतं. काय हो, काल का नाही आलात? एवढंच. आपल्या वयाला तेवढं पुष्कळ असतं."

डॉक्टर गेल्यावर मी बराच वेळ हातात पट्टी घेऊन बसलो. मी नसलो तर पहिलं कुणाला कळेल, याचा हिशेब केला. गिऱ्हाइकाला. खुर्ची वेळेवर मिळाली नाही म्हणून. लेक दूर असते, तिचा फोन रविवारी. सोमवारी गेलो तर आठवडाभर निवांत.

पुढच्या वेळी मी डॉक्टरांना म्हणालो, मला घ्याल का? त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच लाजल्यासारखं झालं. म्हणाले, आम्ही कुणाला बोलवत नाही, तशी रीतच आहे. कुणीतरी आपण होऊन विचारायची वाट बघतो. मग त्यांनी पुढचं सांगितलं. देव मानता ना? कुठला, ते विचारणार नाही. दोन सभासद तुमची हमी देतील. मग तिघं जण तुमच्या घरी येतील आणि घरच्यांना विचारतील. बायकोची हरकत असेल तर विषय तिथेच मिटला. घर नाराज करून आम्ही कुणाला भाऊ म्हणत नाही.

"मग हिला विचारायला पाहिजे," मी म्हणालो.

"अर्थात," डॉक्टर म्हणाले.

थाप मारायची म्हणून मी ते बोललो नव्हतो. तोंडातून गेलं. सुधारायला हवं होतं, पण सुधारलं की समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मला पाठ झालंय. आत्ताच उजळलेला चेहरा होता तो. म्हटलं, सांगू पुढे कधीतरी.

३

त्याच दिवशी लॉजची पहिली खुर्ची विणायला घेतली. जुना वेत कापून काढला, भोकं साफ केली, खुर्ची आडवी मांडली, आणि रोजच्यासारखा बोललो. "अगं, जाऊ का मी त्या जादूघरात? डॉक्टर चांगला माणूस आहे. तुझी हरकत आहे का, विचारतायत." पट्टी भोकातून आत सोडली आणि पलीकडे जायला म्हणून उठू लागलो.

पट्टी आत गेली. मी सोडली होती त्याहून जास्त गेली. माझ्या बोटांतून सरसर निघाली, ताठ झाली, आणि तिला दोन हिसके बसले.

मी तसाच, अर्धा उठलेला. मग शेजारच्या भोकातून पट्टीचं टोक बाहेर आलं. हळूहळू, चकचकीत बाजू माझ्याकडे करून, जशी यायला पाहिजे तशी.

आता, मी अडाणी नाही. खोटं रचणाऱ्याला खरं काय ते आधी माहीत असावं लागतं. ओला वेत पीळ धरतो, सुटताना उसळी मारतो. टोक नेमकं शेजारच्याच भोकात शिरलं, हा योगायोग. मी दुसरी पट्टी सोडली. योगायोग पुन्हा झाला. दुपारपर्यंत योगायोगाने मला अर्धी खुर्ची विणून दिली.

नजर हातांवरच ठेवली, चौकटीतून पलीकडे पाहिलं नाही. पाहिलं आणि स्टूल रिकामं निघालं तर काय, आणि नाही निघालं तर काय, दोन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. हात विणायचे थांबायला तयार नव्हते. तुम्हाला वाटेल भीतीने. मलाही तसंच वाटलं होतं. मग लक्षात आलं, मी गुणगुणतोय.

शेवटी, वीण भरत आल्यावर, धीर करून विणीतल्या एका भोकाला डोळा लावला. पलीकडे खिडकी आहे, तिचा उजेड येतो, सगळी भोकं पांढरी दिसतात. माझ्या डोळ्यासमोरचं भोक तेवढं काळं होतं. वाटलं, कचरा अडकला असेल. शेजारच्या भोकाला डोळा लावला. तेही काळं झालं, आणि आधीचं पांढरं. तिसऱ्याकडे गेलो. काळेपणा माझ्या आधी तिथे पोचला होता. कुणीतरी पलीकडून बोट ठेवत होतं. मी बघू नये म्हणून.

हे तिचं नव्हतं. थट्टामस्करी हे माझं खातं. ती कधी तोंड लपवणारी नव्हती. मी डोळा काढला, खाली बसलो, आणि पहिल्यांदा अंगावर काटा आला. गेल्यावर माणूस बदलतं का? की तिच्या स्टुलावर भलतंच कुणी बसलं होतं?

रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. सगळं सांगितलं, जसं झालं तसं, एक शब्दही न वाढवता.

"बाबा," ती म्हणाली, "आईवरून नको. बाकी कशावरूनही बंडल मारा. आईवरून नको."

मग रडली. मग म्हणाली, त्या लॉजमध्ये जा, कुठेही जा, पण चार माणसांत जा. मी बरं म्हणालो. आयुष्यभर लांडगा आला म्हणून ओरडलो, आणि आता दारात कोण आलंय तेच कळत नव्हतं.

४

लॉजचे तिघं ठरल्याप्रमाणे सकाळी दुकानावरच्या आमच्या घरी आले. डॉक्टर, एक हेडमास्तर आणि एक लिफ्ट दुरुस्त करणारा. हा तिसरा तिशीतला, आडवातिडवा, कमी बोलणारा. वाटेत कुठलीशी लिफ्ट अडकली म्हणून हात काळे करून आला होता. मी त्याला आतली मोरी दाखवली आणि बाहेर येऊन बसलो.

मी ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. वाक्यही तयार होतं. पण हेडमास्तरांनी सुरुवात केली आणि हेडमास्तरांचं बोलणं मध्येच तोडायची हिंमत मला शाळेतही नव्हती. का यावंसं वाटलं, रागीट आहात का, रहस्य पाळता येईल का. मी म्हटलं, माझी सगळ्यात मोठी सोय तीच आहे, मी फोडलं तरी कुणी विश्वास ठेवणार नाही. हेडमास्तर हसले नाहीत. डॉक्टर हसले. आतून नळाचा आवाज येत होता, तो थांबला. मग बाईमाणसाने कुजबुजल्यासारखं काहीतरी. पुन्हा नळ. मी मनात म्हटलं, बाई कुठे काय, हा फोनवर बोलत असेल.

शेवटी हेडमास्तर म्हणाले, "आता वहिनींना विचारून घेऊ, की झालं."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात लिफ्टवाला दारात आला. हात पुसत होता.

"माझं झालं विचारून," तो म्हणाला.

डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली. हेडमास्तर उठले. काय म्हणाली, मी विचारलं. हेडमास्तर म्हणाले, ते इच्छुकासमोर सांगायचं नसतं, आम्ही लॉजपुढे ठेवतो, तुम्हाला निरोप येईल. तिघंही निघाले. लिफ्टवाला माझ्याकडे न बघता गेला. जाताना हातातला टॉवेल घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

मी आत गेलो. मोरी ओली. ओटा कोरडा. कोणी नाही. शेजारीण कधी कधी पाणी भरायला येते, तिला जाऊन विचारलं, तर ती तेव्हा बाजारात होती, आणि काय हरवलं काका, म्हणून मलाच विचारू लागली.

परत येऊन तो टॉवेल पाहिला. पिवळा, एका कोपऱ्याला उसवलेला, तिथे हिरव्या दोऱ्याने टाचलेला. पिवळा दोरा नव्हता म्हणून तिने हिरवा वापरला होता, त्यावरून मी तिला वर्षभर चिडवलं होतं. तिच्या कपड्यांबरोबर मीच तो देऊन टाकला होता, ती गेल्यानंतर. की नव्हता दिला? राहून गेला असेल एखादा. मी स्वतःला समजावत राहिलो. स्वतःला थाप मारणं सगळ्यात अवघड; समोरचा आधीपासून सावध असतो.

५

लिफ्टवाल्याला शोधून काढला. एका कचेरीच्या इमारतीत, लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरून तो काम करत होता. दार उघडं होतं. मी काठावर उकिडवा बसलो. खाली त्याचा दिवा आणि डोकं तेवढं दिसत होतं.

मी म्हटलं, काय म्हणाली ते सांगा. तो म्हणाला, रीत नाही काका. मग मी ते वाक्य बोललो, जे त्या दिवशी बोलायचं राहिलं होतं. माझी बायको गेली. तिसरं वर्ष चालू आहे. घरात कुणी नाही.

पान्याचा आवाज थांबला.

"ठाऊक आहे," तो खालून म्हणाला. "त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, हे तुम्हाला बोलले नसतील."

मी काठ धरला. त्याने वर पाहिलं नाही. हात चालू ठेवून, तुटक तुटक, जेवढं होतं तेवढं सांगितलं. तो मोरीशी होता. मागून आवाज आला, वळू नका. तो वळला नाही. साबण लावत राहिला. आवाज साधा होता, आजारातून उठलेल्या माणसासारखा. मागून टॉवेल पुढे आला, तो त्याने घेतला. हात पाहिलात का, मी विचारलं. नाही पाहिला, तो म्हणाला. पाहायचं धाडस झालं नाही.

थाप मला ओळखता येते. थापेत तपशील जास्त असतात. याच्याकडे फारच कमी होते.

"हरकत आहे म्हणाली का?"

"नाही." त्याने पाना खाली ठेवला. "म्हणाल्या, न्या त्यांना. दिवसभर हाक मारतात, म्हणून यावं लागतं. दमले म्हणाल्या. लॉजला मी फक्त हरकत नाही एवढंच सांगितलं. बाकीचं तुमचं आहे."

मग मी त्या भोकांचं विचारलं. बोट का ठेवते म्हणून. त्याला त्यातलं काही कळलं नसणार, पण उत्तर त्याच्याकडे होतं.

"तेही म्हणाल्या. त्यांना सांगा, बघू नका. आता बघण्यासारखं राहिलेलं नाही."

इमारतीत वरच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं. लिफ्ट बंद आहे हो, असं तो खालून ओरडला, आणि पुन्हा कामाला लागला.

घरी आलो तो न बोलण्याचं ठरवून. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, वेत भिजवला, लॉजची शेवटची खुर्ची मांडली आणि तोंड मिटून बसलो. उठायचं, वळसा घालायचा, वाकायचं. स्टूल रिकामं होतं. माझी मलाच शाबासकी वाटत होती. दुपारी समोरचा शिंपी चष्मा पुसता पुसता पायरी चुकला आणि कपड्यांच्या ढिगात जाऊन बसला, आणि मी फसकन हसून म्हणालो, "अगं, बघितलंस का?"

हातातली पट्टी ओढली गेली. एकच हिसका बसला. तोही उशिरा, आणि इतका हलका, की ओढणाऱ्याला ताकद कुठून आणावी लागली असेल ते मला बोटांत कळलं.

मी पट्टी सोडून दिली. भोकाजवळ तोंड नेऊन म्हणालो, जा गं. विणतो मी. तू जा. मग दुकान बंद केलं आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यावर नुसता फिरलो. पुन्हा हाक न मारता जगणं मला घरात बसून जमणार नव्हतं, एवढं मला उमगलं होतं. माझं ऐकायला चार कान दुसरीकडे हवे होते.

६

निरोप आला. लॉजमध्ये पांढऱ्या आणि काळ्या गोळ्या टाकून मत देतात. माझ्या पेटीत सगळ्या पांढऱ्या पडल्या होत्या.

भरतीची जी काही तऱ्हा असते ती सांगायची नसते, आणि मी सांगतही नाही. एवढंच सांगतो की माणसाला सोंगासारखं उभं करतात. एका पायात जोडा, एका पायात सपात, विजारीचा एक पाय गुडघ्यापर्यंत वर. डॉक्टर दाराबाहेर तलवार घेऊन बसले होते. मी म्हटलं, डॉक्टर, दुखेल का? ते म्हणाले, थोडंसं दाबल्यासारखं वाटेल. मग त्यांनीच माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. आत गेल्यावर फिरवून आणतील, म्हणाले, आणि शेवटी एक प्रश्न विचारतील. या अंधारात तुमच्या मनाला सगळ्यात जास्त काय हवं आहे? उत्तर एका शब्दाचं. उजेड. तेवढं म्हटलं की डोळे सोडतात. माझ्याकडून त्यांनी ते तीनदा वदवून घेतलं. म्हणाले, एवढा बोलका माणूस, एका शब्दाला अडायचा नाहीत.

दार उघडलं. उजव्या दंडाला लिफ्टवाल्याने धरलं. तेलाच्या वासावरून ओळखला. डावीकडे कुणी नसतं, तशी रीत नाही. आम्ही चालायला लागलो. मोठी खोली, लाकडी जमीन, कडेने माणसं बसलेली, त्यांचे श्वास, कुणाचा खोकला. माझी सपात फटक फटक वाजत होती. पहिला कोपरा वळलो.

दुसऱ्या कोपऱ्यापाशी माझ्या डाव्या हातात हात आला.

गार होता. वजन नव्हतं त्याला. पण वर्षानुवर्षं वेत ओढणाऱ्याच्या पहिल्या बोटाला आतून एक खाच पडते, करवत फिरवल्यासारखी. माझ्या अंगठ्याखाली ती खाच होती. मी ती अंगठ्याने चाचपली. दोनदा, तीनदा. आजारपणात शेवटी शेवटी मी तासन् तास हेच करत बसायचो.

मी हाक मारली नव्हती. हे मला तुम्हाला नीट सांगायचंय. त्या दिवशी मी तिला हाक मारली नव्हती. ती आपण होऊन आली होती. त्या लॉजमध्ये बायकांना मज्जाव आहे, दाराशी तलवार आहे, आणि तलवारीपलीकडून ती माझ्याबरोबर चालत होती, लग्नात चालली होती तशी, माझ्याहून अर्धं पाऊल मागे. भीती वाटली का? वाटली. हाताच्या वर काय आहे याचा विचार मनात आला आणि तो मी पुढे जाऊ दिला नाही. डोळ्यांवर पट्टी होती, याचं बरं वाटलं. तिलाही वाटत असेल. पहिल्यांदाच तिला लपावं लागत नव्हतं.

आम्ही थांबलो. समोरून हेडमास्तरांचा आवाज आला, पाठ केलेला, सावकाश.

"या अंधारात तुमच्या मनाला सगळ्यात जास्त काय हवं आहे?"

मी अंगठा त्या खाचेवरून हलवला नाही.

लिफ्टवाल्याने हळूच कानात शब्द सांगितला. मला विसर पडलाय, असं त्याला वाटलं. खोलीत खुर्च्या करकरल्या, कुणी घसा साफ केला. मला शब्द माहीत होता. तो म्हटला की पट्टी सुटणार होती, आणि पट्टी सुटली की हा हात जाणार होता. नाही म्हटला तर किती वेळ उभं राहू देतील? पाच मिनिटं? दहा? मी आयुष्यात इतक्या गोष्टी लांबवल्या होत्या. ही लांबवायला मला एक वाक्य सुचेना.

हेडमास्तर म्हणाले, "घाई नाही." आणि खरंच कुणी घाई केली नाही. ती सगळी माणसं, दिवसभराची कामं करून आलेली, मुकाट्याने बसून राहिली, एका खुर्ची विणणाऱ्याला एक शब्द आठवावा म्हणून. तेवढ्यात माझ्या हातातला हात थरथरू लागला. रागाने नाही. बराच वेळ जड ओझं धरून ठेवलं की थरथरतो तसा.

दमले, म्हणाली होती ती.

"उजेड," मी म्हणालो.

बोटं सुटली. एकेक करून नाही; एकदम, जशी झोपलेल्या माणसाची सुटतात. पट्टी उतरली. दिव्यांनी डोळे दिपले. समोर एप्रन घातलेली माणसं, ओळीने, माझ्याकडे बघून हसणारी. डावीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. भिंतीशी एक रिकामी खुर्ची होती, मीच विणलेली, नव्या माणसासाठी ठेवलेली. तिच्या बैठकीत खळगा होता. वेत खाली दबलेला होता, आणि मी बघत असताना तो सावकाश वर आला. नव्या वेतावरून कुणी उठलं की तो बारीक कुरकुरतो. ती कुरकुर मी ऐकली. बाकी कुणी ऐकली असं वाटलं नाही.

हेडमास्तरांनी माझे हात हातात घेतले, मला भाऊ म्हणाले, आणि त्याच खुर्चीकडे बोट केलं. बसा.

मी बसलो. पण सगळा नाही. कडेला सरकून बसलो, दुसऱ्या कुणाला टेकायला जागा राहील इतपत. सगळ्यांना वाटलं, नवीन आहे, अवघडलाय. आता जुना झालो. तरी तसाच बसतो.